चित्रशाळेतील पाहुणे कारागीर

औंध येथे यमाईच्या डोंगराच्या उतारावर श्रीभवानी संग्रहालय १९३८ साली उभे राहिले. ते उभारणारे संस्थानाधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. चित्रे काढणे हे जसे एक काम, तसे ती जतन करणे हेही एक काम होय, याची साक्ष ती वास्तू आजही देत आहे. परंतु संग्रहालयातील चित्रांना जसा रखवालदार असतो, तसा घरोघरच्या जुन्या छायाचित्रांना नसतो. आजोबांची एकुलती एक तसबीर पिवळी पडते, तिच्यावर ओरखडे उठतात, दमटपणाचे डाग चढतात. आणि ती गेली म्हणजे तो चेहरा पुढील पिढीला पुन्हा दिसावयाचा नाही. स्कॅनरने तिची प्रत संगणकात उतरवून घेतली, तर मूळ कागदास धक्का न लावता त्या प्रतीवर हवे ते उपचार करता येतात.

लिनक्स प्रणालीवर या कामी सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे गिम्प. स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली बर्कलीच्या विद्यापीठात त्याचा आरंभ केला. ते विनामूल्य आहे आणि त्याची अंतर्रचना कोणालाही पाहता व सुधारता येते. तथापि त्याने प्रत्येक काम स्वतः अंगावर घेतलेले नाही. औंध संस्थानात १९३९ च्या घटनेने गावचा कारभार गावच्या पंचायतीकडे सोपविला, परंतु तो घटनेच्या चौकटीत. गिम्पची व्यवस्था काहीशी तशीच आहे. विशेष कामे ते बाहेरच्या लहान कार्यक्रमांकडे सोपविते; त्यांनाच प्लगइन म्हणतात. हे पाहुणे कारागीरच होत. ते स्वतंत्रपणे चालत असल्यामुळे एखादा कोलमडला, तरी बहुधा सारी चित्रशाळा कोसळत नाही. फ्रान्समध्ये तयार झालेल्या जीमिक या प्लगइनात तर शेकडो क्रिया असून जुन्या चित्रांच्या दुरुस्तीचा एक स्वतंत्र विभागच आहे.

अडचण येते ती अशी की, प्लगइन उतरवून घेतले तरी यादीत त्याचे नावच दिसत नाही. अशा वेळी दैवाला बोल न लावता चार गोष्टी क्रमाने तपासाव्यात.

पहिली गोष्ट आवृत्तीची. गिम्पची तिसरी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे अंतरंग इतके बदलले आहे की, २.१० या आवृत्तीसाठी लिहिलेली प्लगइने तिच्यात जशीच्या तशी चालत नाहीत. शिवाय अनेक जुनी प्लगइने पायथन भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत लिहिलेली होती, आणि तिचा सांभाळ २०२० च्या आरंभी थांबला. लिनक्सच्या अनेक वितरणांनी ती काढून टाकताच डाग भरून काढणाऱ्या रीसिंथेसायझर या प्लगइनाची मोठी विचित्र अवस्था झाली. त्याचे इंजिन जागेवर होते, परंतु ते चालविणारे पायथनमधील साहाय्यक मुके झाले, आणि यादीतून ती क्रियाच नाहीशी झाली. तसेच विंडोजसाठी बांधलेले प्लगइन लिनक्सवरील गिम्पमध्ये चालणार नाही, हेही ध्यानी ठेवावे.

दुसरी गोष्ट जागेची. गिम्पच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'फोल्डर्स' या सदराखाली प्लगइनांच्या जागा लिहिलेल्या असतात. त्यांपैकी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात नवे प्लगइन ठेवावे. तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक प्लगइनाला स्वतंत्र खोली लागते, आणि खोलीचे व मुख्य फाईलचे नाव एकच असावे लागते. फाईल नुसती बाहेर ठेवली, तर गिम्प तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

तिसरी गोष्ट परवानगीची. लिनक्समध्ये फाईल वाचणे आणि ती चालविणे हे दोन निराळे अधिकार आहेत. उतरवून घेतलेल्या फाईलला चालण्याचा अधिकार बहुधा नसतो. तिच्या गुणधर्मांच्या खिडकीत जाऊन तो द्यावा व गिम्प पुन्हा सुरू करावे.

चौथी गोष्ट भिंतीची. फ्लॅटपॅक पद्धतीने बसविलेले गिम्प स्वतःच्या कुंपणात राहते. वितरणाच्या भांडारातून घेतलेले प्लगइन कुंपणाबाहेर पडून राहते व त्यास दिसत नाही. म्हणून गिम्प ज्या वाटेने आले, त्याच वाटेने शक्यतो प्लगइनही आणावे.

एवढे करूनही दोष सापडला नाही, तर टर्मिनलमधून गिम्प सुरू करावे. कोणते प्लगइन कोठे अडले, याची तक्रार पुष्कळदा तेथे उमटते. त्या ओळी किचकट दिसल्या तरी शांतपणे वाचाव्यात.

शेवटी एक सावधगिरी. चालण्याचा अधिकार मिळालेले प्लगइन वापरणाऱ्याच्याच अधिकाराने वावरते; त्याच्या इतर फायलींपर्यंतही त्याचा हात पोहोचू शकतो. म्हणून अनोळखी कारागिरास घरात घेण्यापूर्वी तो कोठून आला, याची चौकशी करावी. तसबिरीची पहिली प्रत तर निराळी ठेवून द्यावी आणि सारे प्रयोग दुसरीवर करावेत. उपचार फसला तरी दुसरी प्रत पुन्हा काढता येते. परंतु झिजत चाललेल्या मूळ कागदावरून आजच्याइतकी चांगली पहिली प्रत दहा वर्षांनी मिळेलच, असे नाही.