अंगणांतील रानफुलें

रानफुलें पेरावयाचीं, हें ऐकून साताऱ्याच्या एखाद्या वृद्ध गृहस्थास हसूं येईल. जें पावसाबरोबर बांधाबांधावर आपोआप उगवतें, गौरी आणण्याच्या दिवशीं मुलें ज्याचे भारे उपटून आणतात, त्या तेरड्यासाठीं कोणी वाफा करावा काय? हें हसणें एके काळीं योग्यच होतें. आज मात्र कऱ्हाडाहून सांगलीकडे कृष्णेच्या कांठानें जाणाऱ्या माणसानें बांध कोठें उरला आहे तें नीट पाहावें. ऊंस रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन भिडला आहे, आणि ऊंसाच्या तुऱ्यांत मधमाशीला घेण्यासारखा मध नसतो. तिच्या दृष्टीनें तो हिरवागार मुलूख म्हणजे वाळवंटच होय.

आणि माशी तर सर्वांनाच हवी आहे. भोपळा, दोडका, काकडी यांचीं नर-फुलें निराळीं व मादी-फुलें निराळीं. एकाचा पराग दुसऱ्यावर कोणी नेऊन ठेवल्यावांचून फळ धरत नाहीं. सूर्यफुलाचे दाणे भरणें, आटपाडी-जतकडील डाळिंब, पांचगणीची स्ट्रॉबेरी, या सर्वांत माशीचा मोठा वांटा आहे. तासगांवचें द्राक्ष तेवढें आपलें आपण भागवून घेतें. वांग्याची गोष्ट आणखी गमतीची आहे. त्याच्या परागकोशाच्या टोंकाला बारीक छिद्र असतें. भुंगा फुलाला बिलगून अंगाचे स्नायू थरथरवतो, तेव्हां त्या छिद्रांतून पराग मिठासारखा खालीं सांडतो. पोळ्यांतल्या सातेरी माशीला ही विद्या येत नाहीं. भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या यांनाच ती साधली आहे. आणि हे कीटक पेटींत पाळतां येत नाहींत. कोणी जमिनींत बीळ करून राहतो, कोणी वाळल्या लांकडांत किंवा पोकळ काडींत. त्यांना घराजवळ फूल आणि मोकळी माती, दोन्हीं लागतात.

रानफुलांची शेती कशी करावी याचा उत्तम पाठ साताऱ्यापासून सुमारें 25 किलोमीटरवर, कासच्या पठारावर मिळतो. समुद्रसपाटीपासून 1,200 मीटरच्या आसपास उंचीचा हा जांभ्या दगडाचा सडा. पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर 2012 सालीं त्याची जागतिक वारशांत गणना झाली. तेथें साडेआठशेंच्या आसपास सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. श्रावणापासून आश्विनापर्यंत तेरडा, गेंद, कवळा, सोनकी, निळी सीतेची आसवें यांचे पट्टे एकामागून एक रंगतात. टोपली कारवी तर सुमारें सात वर्षांनीं एकदांच सामुदायिक बहर धरते. परंतु पाहुण्याच्या लक्षांत येत नाहीं ती गोष्ट अशी, कीं या फुलांच्या खालीं माती जवळजवळ नाहींच. कोठें चार बोटें, कोठें त्याहूनही कमी. जमीन भुकेली आहे म्हणूनच फुलें आहेत. सीतेची आसवें आणि दवबिंदू यांना तर मातींतून पुरेसें अन्न मिळत नाहीं म्हणून बारीक जीव पकडून खावे लागतात. मातींत कस असता, तर गवत कमरेएवढें माजलें असतें आणि या नाजूक मंडळींना कोणी ऊन दिसूं दिलें नसतें.

गवताचा हा जोर आवरणारे आणखी दोघे तेथें आहेत. एक म्हणजे दुधाळी व तुतारी यांसारख्या वनस्पती. दिसायला साध्या, पण त्यांचीं मुळें शेजारच्या गवताच्या मुळांना चिकटून त्यांचा रस ओढतात. दुसरीं गांवचीं गुरें. गर्दीपासून रक्षण व्हावें म्हणून पठाराला तारेचें कुंपण घालण्यांत आलें होतें. गुरें आंत येईनाशीं झालीं आणि गवत माजलें, अशी तक्रार गांवकरी व कांहीं अभ्यासक करूं लागले. पुढें तें कुंपण काढण्यांत आलें. चांगल्या हेतूनें घातलेली तारही फुलांना जाचूं शकते.

तेव्हां अंगणांत, सोसायटीच्या कोपऱ्यांत किंवा शाळेच्या आवारांत हा प्रयोग करणाऱ्यानें पहिली गोष्ट करावी ती ही, कीं शेणखताची पाटी परत पाठवावी. गुलाबाला जें अमृत, तें येथें विष. साताऱ्याच्या मुरमाड उतारावर फारसें कांहीं करावें लागत नाहीं. सांगलीची काळी जमीन मात्र फार सुपीक. तेथें वरचा थर काढून मुरूम व जाड वाळू मिसळलेली बरी. शिवाय महाबळेश्वरीं वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सांगलींत 600 च्या आसपास. म्हणून कासचीं फुलें सांगलींत लावण्याचा हट्ट धरूं नये. तेथें कुर्डू, रानतीळ, तुळस आणि माळावरचा तेरडा हीच खरी मंडळी. कासवरून बीं किंवा रोप उचलून आणणें हा तर नियमभंगच आहे, आणि निरर्थकही. तो सडा सोडून तीं रोपें फारशीं जगत नाहींत.

बीं जवळच्या बांधावरचें, रस्त्याकडेचें, आणि जेथें विपुल असेल तेथलें मूठभर घ्यावें. तेरड्याची शेंग पिकली कीं बोट लागतांच फुटून बीं चौफेर उडतें, म्हणून तिच्यावर आधीं कापडाची सैल पिशवी बांधतात. सोनकीच्या बियांना म्हातारीसारखे केस असतात. वारा सुटण्यापूर्वीं सकाळीं जावें. बीं सांवलींत सुकवून कागदाच्या पुडींत ठेवावें. ताजें बीं बहुधा लगेच रुजत नाहीं. उन्हाळा अंगावरून गेल्यावरच त्याची झोंप मोडते.

पेरणीची घाई करूं नये. मृगाच्या पहिल्या पावसानें जें तण उगवेल तें उगवूं द्यावें, मग खुरप्यानें वरवर काढून टाकावें. माती खोल उकरली तर खालचें जुनें तण वर येतें. नंतर चौरस मीटरला दोन-तीन ग्रॅम बीं चौपट वाळूंत मिसळून फोंकावें, वर माती लोटूं नये, फळीनें नुसतें दाबावें. वाफ्याच्या कडेला हातभर जागा उघडीच ठेवावी. ती ओसाड दिसते, पण जमिनींत राहणाऱ्या माशीचें घर तेथेंच होतें.

दुकानांतलें रंगीत चित्राचें पाकीट मात्र टाळावें. त्यांत बहुधा कॉसमॉस असतो. तो मेक्सिकोचा पाहुणा. माशी त्यावर बसते हें खरें, परंतु रस्त्यांच्या कडेनें आणि माळांवरून तो ज्या वेगानें पसरत आहे तो वेग पाहतां त्याला घरीं बोलावणें शहाणपणाचें नाहीं.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण फुलाला अन्याय करणारी आहे. तेरड्याचें फूल उमललें कीं प्रथम पुंकेसरांची एक टोपी पुढें असते. मागच्या शेपटीसारख्या नळींतला मध पिण्यास आलेल्या माशीच्या पाठीला तिचा पराग लागतो. मग ती टोपी गळून पडते आणि तिच्या आड दडलेलें स्त्रीकेसराचें तोंड उघडें होतें. तेंच फूल आधीं देणारें व नंतर घेणारें बनतें. त्या थोडक्या दिवसांत एवढी व्यवस्था सांभाळली जाते, ती एका कीटकाच्या भरंवशावर.

पहिल्या वर्षीं वाफा विरळ दिसेल, शेजारी नांवें ठेवतील. वर्षायु फुलें त्याच भाद्रपदांत येतात, बहुवर्षायु दोन-तीन पावसाळे घेतात. कीटकनाशकाचा फवारा या काळांत कोठेंही जवळपास नको. कार्तिक उलटून शेंगा रित्या झाल्या, कीं विळ्यानें एकदां सर्व कापून दोन-तीन दिवस तेथेंच पडूं द्यावें, म्हणजे उरलेलें बीं झडतें. मग गवत उचलून न्यावें. तेथेंच कुजूं दिलें तर त्याचें खत होऊन पुढल्या वर्षीं गवतच माजेल. जाड पोकळ काड्यांची तेवढी एक जुडी बांधून भिंतीच्या आडोशाला पुढल्या पावसाळ्यापर्यंत ठेवावी. तींत कोणीतरी निजलेलें असतें.