धीर द्यायचा तर आधी बाळ हातात द्या

17 नोव्हेंबरला जागतिक मुदतपूर्व जन्म दिन पार पडला. जांभळ्या फिती लागल्या, ‘इवल्या योद्ध्यां’चं आणि त्यांच्या धीराच्या आईबापांचं कौतुक झालं. कौतुकाला हरकत नाही; पण 2020 साली जगात सुमारे 1 कोटी 34 लाख बाळं मुदतीआधी जन्मली आणि त्यातली 30 लाखांच्या आसपास भारतातली होती. इतक्या घरांनी उपजत खंबीर असावं ही अपेक्षाच चुकीची आहे. कर्जत, खालापूर, उरणकडून पनवेल-कामोठ्यात आणलेल्या बाळाचा बाप एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराबाहेर बसतो, बोलावलं की सही करतो, सांगितलं की पैसे भरतो. बाळंतीण टाक्यांसह घरी किंवा दुसऱ्याच दवाखान्यात. त्यात भेटायला येणारं कुणीतरी ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे ऐकवून जातं. (ते साफ खोटं आहे, पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो.) माणूस खचतो तो या रिकामपणाने. ज्याच्या हाताला बाळाचं काम आहे, त्याला धीर वेगळा शिकवावा लागत नाही.

हे नुसतं भावनेचं बोलणं नाही. बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची कांगारू पद्धत 1970च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली ती बाळांना उबेत ठेवणाऱ्या काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून. त्यामुळे ती गरिबाघरची तडजोड समजली गेली, आणि बाळ स्थिरावल्यावरच आईकडे द्यायचं असा शिरस्ता पडला. जागतिक आरोग्य संघटनेने दिल्लीचं सफदरजंग आणि आफ्रिकेतल्या चार देशांतली रुग्णालयं घेऊन हा शिरस्ताच तपासला. 1 किलो ते 1 किलो 800 ग्रॅमपर्यंतची बाळं जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी ठेवली. जुन्या शिरस्त्याने सांभाळलेल्या बाळांत पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 15.7 टक्के होते, यांच्यात 12 टक्के. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण उरलेल्या बाळांना यापासून दूर ठेवणं योग्य नव्हतं. टोपी, मोजे, लंगोट एवढ्यावर बाळ उभं धरायचं, मान एका कुशीला, पाय बेडकासारखे दुमडलेले, वरून कापडाने बांधायचं. दूध ओढता येत नसेल तर काढलेलं दूध नळीने, पुढे बोंडल्यासारख्या चोचीच्या वाटीने.

डॉक्टरांचा आक्षेप ठरलेला: आई आत आली की जंतू येतील. पण याच चाचणीत जंतुसंसर्गाचा संशय आलेली बाळं कमी निघाली, वाढली नाहीत. दुसरा आक्षेप, अत्यवस्थ बाळाला यंत्रच लागतं. लागतंच, आणि ते काढा असं कुणी म्हणत नाही; सफदरजंगमध्ये आईची खाट यंत्रांशेजारी लावली. तिसरा मात्र खरा आहे: जागा कुठे, आणि रोजंदारीवरच्या बाईने किती दिवस बसायचं? 1961च्या मातृत्व लाभ कायद्याने अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणापायी महिन्याची वाढीव पगारी रजा ठेवली, तीही आई स्वतः आजारी पडली तरच. बाळ आजारी असणं पुरेसं नाही! वीटभट्टीवरच्या कातकरी बाईपर्यंत तर तेवढंही पोचत नाही. म्हणून आईच्या जागी बाप, आजी, मावशी आलटूनपालटून चालतील असा नियम रुग्णालयांनी करायला हवा. त्याला बांधकाम लागत नाही.

आणि एक काम घरच्यांनीच हट्टाने करायचं. बाळ 34 आठवड्यांआधी किंवा 2 किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल, तर चार आठवड्यांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासावा लागतो. फारच लहान बाळांचा त्याहून लवकर. उशीर झाला तर गेलेली दृष्टी परत येत नाही. डिस्चार्ज कार्डावर ही तारीख लिहून घेतल्याशिवाय घरी निघू नका.