‘थांबा, मला वाचू द्या’

निवृत्तीच्या पैशातून आम्ही नवरा-बायकोने इंग्लंड-फ्रान्स पाहिले. लंडनचा राजवाडा बाहेरूनच बघितला आणि चॉक फार्म स्टेशन गाठले. तिथून चालत १०, किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये शिकत असताना बाबासाहेब याच घरात राहत होते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने ते विकत घेतले. सौ.ची शाळा चौथीतच सुटलेली. बाहेरची इंग्रजी पाटी मी वाचून दाखवू लागलो, तर म्हणाली, “थांबा, मला वाचू द्या.” अक्षर अक्षर लावून तिने ‘आंबेडकर’ वाचले. मग बराच वेळ ती बोललीच नाही.

पुढे रेल्वेने समुद्राखालून पॅरिस. १८८९ चा आयफेल मनोरा! लिफ्टपेक्षा जिन्याचे तिकीट स्वस्त, म्हणून ६७४ पायऱ्या चढून दुसरा मजला गाठला. मला धाप लागली. ही हसली, “अहो, चाळीत जन्मभर तिसऱ्या मजल्यावर पाणी चढवलं मी!”