बायोडाटा : लग्नाचा नव्हे, ग्रंथपालाचा!

आपल्या मध्यमवर्गीय घरांत ‘बायोडाटा’ हा शब्द ऐकू येतो तो बहुधा लग्नाच्या निमित्ताने. उंची, वर्ण, गोत्र, वडिलांचा हुद्दा, मामांचे गाव आणि शेवटी ‘मुलगी मनमिळाऊ असून तिला वाचनाची आवड आहे’ हे ठरलेले वाक्य! पुढे तीच मुलगी ग्रंथालयशास्त्राची पदवी घेते, नोकरीच्या अर्जाला बसते आणि, सवयीचा परिणाम म्हणा, जवळजवळ तोच मजकूर पुन्हा लिहून पाठविते. गोत्र तेवढे गळते. मनमिळाऊपणा आणि वाचनाची आवड मात्र जागच्या जागी असतात. मुलांचेही तेच. त्यांच्या अर्जात मनमिळाऊच्या जागी ‘होतकरू’ येते, एवढाच फरक.

ग्रंथपालाच्या जागेसाठी अर्ज करणाराने ‘वाचनाची आवड’ असे लिहावे, हे पोहणे शिकविणाराने ‘मला पाण्याची भीती वाटत नाही’ असे लिहिण्यापैकीच आहे. निवड समितीला हवे असते ते निराळेच. या उमेदवाराला काम येते काय, आणि येत असल्यास कोणते, एवढेच तिला पाहावयाचे असते.

‘त्यात शिकायचे काय?’

असे अर्ज लिहिले जाण्याचे एक कारण आपल्या घरातच आहे. मुलाने किंवा मुलीने ग्रंथालयशास्त्राला नाव घातले की एखादी मावशी हमखास विचारते, “पुस्तके द्यायची नि परत घ्यायची, त्यात शिकायचे काय ग?” हा प्रश्न इतक्या वेळा कानांवर पडतो की शिकणाराचाच आपल्या विद्येवरचा विश्वास हळूहळू उडू लागतो. मग अर्जात ती विद्या दिसेनाशी होते आणि उरतात ती नुसती विशेषणे.

वास्तविक ही विद्या आपल्याकडे काही कालपरवा आलेली नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले आणि पुढल्याच वर्षी तेथे ग्रंथपालनाचे शिक्षण सुरू झाले. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात १९६१ सालापासून या शास्त्राचे शिक्षण मिळत आले आहे. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी महाराष्ट्राने कायदा केला तो १९६७ साली.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांची हकीकत तर मोठी मजेची आहे. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते गणित शिकवीत होते. ग्रंथपालनाचे शिक्षण त्यांनी मुळीच घेतलेले नव्हते. मुलाखतीपूर्वी एका इंग्रजी विश्वकोशातील ग्रंथालयांवरचा लेख तेवढा त्यांनी वाचला होता, असे सांगतात. जागा मिळाली, परंतु थोड्याच दिवसांत एकांताला कंटाळून त्यांनी आपली जुनी नोकरी परत मागितली! पुढे लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून आल्यावर मात्र त्यांना दुसरे काही सुचेना. १९३१ साली त्यांची पाच सूत्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि १९३३ साली त्यांची स्वतःची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती.

आज मात्र विश्वकोशातला एक लेख वाचून ग्रंथपाल होता येत नाही. महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत ग्रंथालयशास्त्रातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी, त्याखेरीज नेट वा सेट उत्तीर्ण असणे किंवा नियमाप्रमाणे मिळविलेली पीएच.डी., आणि ग्रंथालयाच्या संगणकीकरणाचे ज्ञान अशा अटी आहेत. राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत असते. नियम बदलतात, म्हणून अर्जापूर्वी ताजा नियम पाहून घ्यावा. सार्वजनिक ग्रंथालये राज्यात दहा हजारांहून अधिक आहेत. परंतु लहान ग्रंथालयांचे अनुदान तोकडे आणि म्हणून पगारही तोकडा. कायम जागा थोड्या, उमेदवार उदंड! अशा वेळी चांगला अर्ज लिहिता येणे ही चैन नसून गरज आहे.

अर्ज वाचणाराही वाचकच

रंगनाथन यांच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचविण्याविषयी आहे. ग्रंथपालाचा अर्ज कसा असावा, याचे सारे मर्म त्यात आले. अर्जांचा ढीग पुढे घेऊन बसलेला प्राचार्य किंवा संस्थेचा कार्यवाह हाही एक वाचकच होय. त्याला हवी ती माहिती हव्या त्या ठिकाणी चटकन सापडली पाहिजे. ज्या उमेदवाराला स्वतःची दोन पाने नीट लावता येत नाहीत, तो आपली वीस हजार पुस्तके कशी लावणार, अशी शंका त्या वाचकाच्या मनात आल्यास त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे जाहिरात दोनदा वाचा. पहिल्या वाचनात आवश्यक अटी कोणत्या आणि ‘असल्यास प्राधान्य’ या सदरात काय आहे, ते वेगवेगळे लिहून काढा. दुसऱ्या वाचनात प्रत्येक अटीपुढे आपल्याजवळचा पुरावा मांडा. आवश्यक अट पुरी होत नसेल, तर पोस्टाचे पैसे वाचवावेत हे बरे. सगळ्या अटी पुऱ्या होत असतील, तर त्या ज्या क्रमाने जाहिरातीत आहेत त्याच क्रमाने आपल्या पत्रात याव्यात. शाळेच्या ग्रंथालयाला पाठविलेले पत्र जसेच्या तसे संशोधन संस्थेला पाठवू नये. शाळेला मुलांचा वाचनतास घेणारा माणूस हवा असतो, संशोधन संस्थेला संदर्भ शोधून देणारा.

विशेषण खोडा, काम लिहा

आता मुख्य मजकूर. येथे एक साधा नियम पाळावा. जेथे जेथे विशेषण लिहिले असेल ते खोडून त्या जागी काम लिहावे. समजा, एका विद्यार्थिनीने अर्जात असे लिहिले आहे : ‘मी कष्टाळू व प्रामाणिक असून मला ग्रंथालयाच्या सर्व कामांची माहिती आहे.’ त्याच विद्यार्थिनीने असे लिहिले तर कसे वाटेल, पाहा : ‘महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दोन महिने उमेदवारी केली. ४१२ मराठी पुस्तकांना ड्यूई पद्धतीने वर्गांक दिले व त्यांच्या नोंदी कोहा प्रणालीत केल्या. दाखल नोंदवहीशी पडताळणी करताना न सापडलेल्या २३ पुस्तकांची यादी करून दिली.’ पहिल्या वाक्यात कष्टाळूपणाचा दावा आहे. दुसऱ्या मजकुरात तो शब्द नाही, पण कष्ट डोळ्यांना दिसतात.

संगणकाच्या बाबतीतही तसेच. ‘संगणकाचे ज्ञान आहे’ हे वाक्य आता कोणी वाचीतही नाही. कोणती प्रणाली वापरली, तिचे नाव लिहावे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची सोल, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय आणि कोहा ही नावे जाहिरातींत वारंवार येतात. यांपैकी कोहा मूळची न्यूझीलंडची. हा माओरी शब्द असून त्याचा अर्थ भेट किंवा देणगी असा आहे. आणि नावाप्रमाणेच ती प्रणाली विनामूल्य मिळते. तेव्हा घरच्या संगणकावर ती बसवून सराव करणे कोणालाही शक्य आहे.

मात्र एक पथ्य पाळावे. जे केलेले नाही ते लिहू नये. ‘कोहा येते’ असे लिहिणाराला मुलाखतीत एखाद्याने समोर संगणक ठेवून “ही एक नोंद करून दाखवा” म्हटले, तर त्या पाच मिनिटांत सारा अर्ज खोटा ठरतो. खरे लिहिलेले भागही!

अनुभव आणावा कोठून?

“पण अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही, त्याचे काय?” असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे. त्याला एक उपाय असा की नोकरीची वाट न पाहता काम शोधावे. गावातल्या वाचनालयात पुस्तकांच्या पडताळणीच्या वेळी जादा हात हवेच असतात. गृहसंकुलातील वाचनकट्टा, एखाद्या निवृत्त शिक्षकाचा घरचा संग्रह, मंदिराच्या माडीवरची पोथ्या-पुस्तके यांची नीट यादी कोणी केलेली नसते. परवानगी काढावी, दोनशे पुस्तके घ्यावीत आणि वर्गीकरण-तालिकेसह ती लावून द्यावीत.

आणखी जवळचे काम हवे असेल तर आपल्याच माळ्यावर चढावे. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरांत दिवाळी अंक येत आहेत आणि पुष्कळ घरांत ते बांधून ठेवलेले आहेत. त्यांत कोणाची कथा कोठे आहे, हे मात्र आजोबांनाच आठवते! पन्नास अंकांची लेखकवार आणि विषयवार सूची तयार करावी. ती करताना टोपणनावे, एकाच लेखकाची तीन तऱ्हांनी छापलेली नावे, फाटलेली अनुक्रमणिका अशा अडचणी येतील. त्या सोडविणे हेच तर ग्रंथपालाचे काम. अशा सूचीची चार पाने अर्जासोबत जोडली, तर ती दहा प्रशस्तिपत्रांपेक्षा अधिक बोलतील. अर्थात ‘स्वतः हाती घेतलेले काम’ या मथळ्याखालीच ते लिहावे. त्याला नोकरी म्हणू नये.

मधली वर्षे

ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात मुलींची संख्या चांगली असते. पुढे लग्न, बाळंतपण, सासूबाईंचे आजारपण अशा कारणांनी काहींची चार-पाच वर्षे घरात जातात, आणि पुन्हा अर्ज करण्याची वेळ आली की ती वर्षे लपवावीशी वाटतात. लपवू नयेत. तारखा गाळल्या की वाचणाराचे लक्ष नेमके तेथेच जाते. ‘२०१९ ते २०२३ : कौटुंबिक जबाबदारी’ एवढी एक ओळ पुरे. तिच्याखाली त्या काळात वा नंतर केलेला एखादा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम, सेटची तयारी किंवा वाचनालयातील काम लिहिता आले म्हणजे आपण पुन्हा तयारीला लागलो आहोत हे दिसते. घरच्या मंडळींनी येथे एक मदत करावी : रोज एक तास त्या सुनेला वा लेकीला कोणी हाक मारू नये!

नावाचीही अडचण येते. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, पदवीवर दुसरे आणि आधारपत्रावर तिसरे असे असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाची राजपत्रातील नोंद आधीच काढून ठेवावी. राखीव जागेसाठी अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र इत्यादी कागद मुदतीच्या आत हाती असावेत. सध्या नोकरीत असाल तर अर्ज कार्यालयामार्फत पाठवावयाचा की केवळ ना हरकत पत्र पुरेल, हे जाहिरातीत पाहावे.

दोन पाने आणि एक भेट

बाकी मांडणी सोपी आहे. पहिल्या पानावर नाव, पत्ता, दूरध्वनी, ई-मेल, मग शिक्षण, अलीकडचे आधी, मग काम, मग प्रणाली आणि भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी यांखेरीज मोडी वा संस्कृत वाचता येत असेल तर जरूर लिहावे. जुन्या संग्रहांना असा माणूस हवा असतो. धर्म, वजन, वडिलांचा पगार यांचे येथे काम नाही. छापील नमुन्यात विचारले असेल तेवढेच भरावे. ज्या दोन व्यक्तींची नावे संदर्भासाठी द्यावयाची, त्यांना आधी विचारावे. नवीन उमेदवाराला दोन पाने पुष्कळ झाली. अर्ज ई-मेलने जात असेल तर फाइलला स्वतःचे नाव व पदाचे नाव द्यावे. ‘नवा-बायोडाटा-अंतिम-३’ असे नाव ग्रंथपालाला शोभत नाही. आणि नेमणुकीपूर्वी कोणी अनामत रक्कम मागितली, तर तो कागद केराच्या टोपलीत टाकावा.

मुलाखतीचे बोलावणे आले तर आदल्या दिवशी जमल्यास ते ग्रंथालय पाहून यावे. तालिका संगणकावर आहे की पत्रांवर, मुले कोठे बसतात, देवघेवीच्या खिडकीपाशी रांग का लागते, हे डोळे उघडे ठेवून पाहावे. “आपल्याकडे मी आल्यास पहिल्या तीन महिन्यांत हे करीन” असे एक छोटे, जमण्याजोगे काम सांगता आले, तर समितीला उमेदवार नव्हे, ग्रंथपालच समोर दिसतो.

एवढे करूनही जागा हुकेल; एकदा नव्हे, कदाचित पाच वेळा. काही ठिकाणी माणूस आधीच ठरलेला असतो, काही ठिकाणी जागाच रद्द होते. त्यात अर्ज करणाराचा दोष नसतो. पण प्रत्येक अर्जागणिक जर एक सूची, एक पडताळणी, एक नवी प्रणाली आपल्या यादीत वाढत गेली असेल, तर सहावा अर्ज पहिल्यासारखा राहत नाही. आणि त्या दिवाळीला मावशी आली नि तिने पुन्हा विचारले, “त्यात शिकायचे काय ग?” तर वाद घालू नये. ती दोन पाने तिच्या हातात द्यावीत आणि चकलीची बशी पुढे करावी!