रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळीचं नाव लिहून ठेवा

अंगावर गांधी उठल्या की आपल्या घरांत 'पित्त उठलं' म्हणतात, आमसुलाचं पाणी लावतात आणि आदल्या दिवशी काय खाल्लं ते आठवत बसतात. तासाभरापूर्वी डोकं दुखतं म्हणून घेतलेली गोळी सहसा कोणाला आठवत नाही. आठवलीच, तर आपली पिढी मोबाईलवरून 'ॲलर्जी पॅनेल' बुक करून मोकळी होते.

अडचण अशी, की हे पॅनेल आयजीई नावाची प्रतिपिंडं शोधतं. धूळ, परागकण, शेंगदाणे यांच्या ॲलर्जीत त्याचा उपयोग होतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा त्रास मात्र बहुतेक वेळा प्रतिपिंडांमुळे होतच नाही. या गोळ्या शरीरातलं कॉक्स नावाचं एन्झाइम अडवतात आणि म्हणून दुखणं कमी होतं. ॲस्पिरिन हे कसं करतं, ते जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. काहींच्या शरीरात याच अडवणुकीमुळे ल्युकोट्राइन नावाची रसायनं वाढतात. मग गांधी उठतात, ओठ-पापण्या सुजतात, दम लागतो. म्हणूनच अशा माणसाला एक गोळी सोसली नाही, तर त्याच गटातली दुसरीही बाधू शकते. दमा किंवा नाकात पॉलिप असणाऱ्यांनी विशेष जपावं.

रक्ताच्या आणखीही चाचण्या आहेत. त्रास सुरू झाल्यावर काही तासांत ट्रिप्टेज तपासलं, तर रिॲक्शन किती तीव्र होती याचा अंदाज येतो. कोणत्या औषधाने झाली ते कळत नाही. बेसोफिल चाचणी मोजक्याच ठिकाणी होते आणि ती निगेटिव्ह आली तरी खात्री देता येत नाही. खात्री करायचीच, तर तज्ज्ञ डॉक्टर हॉस्पिटलमध्ये, देखरेखीखाली औषधाची मात्रा थोडी थोडी वाढवत देऊन पाहतात. हा प्रयोग घरी कधीही करू नये.

आमच्या आत्याला दमा आहे. गुडघेदुखीच्या गोळीनंतर तिचे ओठ सुजले. पॅनेल नॉर्मल आलं आणि घरात सगळे निर्धास्त झाले. पुढच्याच महिन्यात दाढ काढायची होती. डेंटिस्टने ॲलर्जीबद्दल विचारलं, तेव्हा तिने रिपोर्ट दाखवला नाही, पर्समधली रिकामी पट्टी काढून दिली. पट्टीवर डायक्लोफिनॅक वाचून त्यांनी औषध बदललं.

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एवढं पिन करून ठेवा: औषधाचं मूळ नाव (नुसता ब्रँड नको, कारण एका गोळीत दोन-तीन औषधं असतात), किती मिलिग्रॅम, किती वेळाने त्रास झाला, काय झालं, आणि पट्टीचा व अंगावरच्या गांधींचा फोटो. प्रत्येक नव्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यालाही ते दाखवा. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी मात्र हे वाचून आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

आणि श्वास अडकला, घसा आवळला किंवा चक्कर आली, तर आमसूल नाही, पॅनेलही नाही. थेट १०८.