मातेच्या आतड्यातील जिवाणू आणि बालकाचे आरोग्य

प्रस्तावना :
बालकाला मातापित्यांकडून जनुकीय वारसा मिळतो, हे सर्वश्रुत आहे. त्याशिवाय जन्मसमयी मातेच्या आतड्यातील जिवाणूंचा वारसाही त्याला लाभतो. या वारशाचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वारशाचे स्वरूप :
२०१९ मध्ये ब्रिटनमधील ५९६ बालकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैसर्गिक प्रसूतीने जन्मलेल्या बालकांत मातेच्या आतड्यातील जिवाणू आढळले. सिझेरियनने जन्मलेल्यांत ते कमी, तर रुग्णालयात आढळणारे संधिसाधू जिवाणू अधिक होते. पुढील काही महिन्यांत ही तफावत बरीचशी कमी झाली.

मातेचे दूध हा या वारशाचा दुसरा आधार होय. त्यातील काही संयुक्त शर्करा बालकाला पचत नाहीत. त्या बायफिडोबॅक्टेरियम जिवाणूंचे अन्न असतात. हे जिवाणू आम्ल निर्माण करतात आणि त्यामुळे अनेक रोगजंतूंच्या वाढीस आळा बसतो.

गर्भावस्थेतील प्रभाव :
२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गर्भवती उंदरांच्या आतड्यातील जिवाणू नष्ट केले असता गर्भाच्या मेंदूतील काही चेतातंतूंची वाढ खुंटली. जिवाणूंनी निर्माण केलेली विशिष्ट द्रव्ये मातेस दिल्यावर हा परिणाम टळला. तथापि उंदरांवरील निष्कर्ष मानवास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

भारतीय संदर्भ :
ओडिशातील ग्रामीण भागात ४,५०० हून अधिक नवजात बालकांवर झालेले संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपयुक्त जिवाणू व त्यांचे पोषकद्रव्य दिलेल्या गटात रक्तातील जंतुदोष किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ५.४ टक्के, तर दुसऱ्या गटात ९ टक्के होते. हे जिवाणू मातेचे नव्हते. तरीही आरंभीच्या जिवाणूंचे महत्त्व यातून सिद्ध होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मधील १७.२ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाले. जन्मानंतर तासाभरात स्तनपान मात्र ४१.८ टक्के बालकांनाच मिळाले.

निष्कर्ष :
सिझेरियन अनेकदा प्राणरक्षक ठरते. म्हणून त्याबद्दल मातेस दोष देणे अनुचित आहे. अनावश्यक शस्त्रक्रिया व प्रतिजैविके टाळणे, सिझेरियननंतरही शक्य तितक्या लवकर स्तनपान सुरू करणे आणि पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध देणे, हे उपाय मात्र आजही आपल्या हाती आहेत. जिवाणूयुक्त औषधे वैद्यकीय सल्ल्याशिवाय नवजात बालकास देऊ नयेत.