संगमाकाठची पहिली थंडी

नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते आणि पुणे जिल्हा तिथंच संपतो. इंदापूर तालुक्याच्या या टोकाला लोक उन्हाळ्याचं बोलतात, थंडीचं क्वचितच. पण १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली, राज्यभर माळांवर आंब्याची कलमं, डाळिंबं, चिकू उभे राहू लागले आणि बागायतदार डिसेंबर-जानेवारीकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागला. जूनला लावलेलं कलम तेव्हा जेमतेम सहा महिन्यांचं असतं. मुळं अजून वरवरची.

निरभ्र रात्री जमीन दिवसाची ऊब सोडून देते. तिच्यालगतची गार हवा जड होऊन उतारानं खाली सरकते, खोलगटात साठते. त्यामुळं नदीकाठचं रान पाण्याला सोयीचं, पण कोवळ्या रोपाला कठीण.

सुरुवातीचा उपाय कडब्याचा नि तुराट्यांचा. कलमाभोवती तीन बाजूंनी आडोसा करायचा, सकाळचं ऊन मिळावं म्हणून आग्नेय बाजू उघडी ठेवायची. मला आजही याहून चांगला उपाय दिसत नाही. पाचट पेटवून बागेत धूर करण्याची पद्धतही आहे. वारा सुटला की धूर जातो, आणि बुंध्याशी अंथरता आलं असतं त्या पाचटाची राख होते. ही पद्धत आता सोडायलाच हवी.

मोठा फरक पाण्यानं पडला. ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त धरते, विहिरीचं पाणीही पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं. शेतकऱ्याला हे ठाऊक होतं. पण कालव्याच्या टेलला असलेल्यानं आवर्तनाची वाट बघायची की रोपाची? ठिबक आल्यावर संध्याकाळी बेताचं पाणी सोडणं त्याच्या हातात आलं.

मग उतिसंवर्धित केळी आली आणि चुकीला जागा उरली नाही. डाळिंब काटक, थंडी सोसतं. केळीची वाढ मात्र पारा १० अंशांजवळ आला की थबकते, पानं पिवळी पडतात, पुढं घड निसवायला उशीर होतो. तेव्हापासून लागणीचा महिना थंडीचा हिशेब धरून ठरू लागला, बांधाला वाऱ्याआड शेवरी आली, रोपांवर पांढरं क्रॉप कव्हर आलं. कव्हर थंडी सरताच काढावं लागतं. कलमाचा कडब्याचा आडोसा मात्र वैशाखात, नरसिंह जयंतीच्या उन्हातही कामाला येतो. उघडी बाजू तेवढी झाकून घ्यायची.